आनंदीबाईंची आठी

आनंदीबाईंनी आरशासमोर उभं राहून कपाळाला आठी घालून पाहिली. पडेना. पुन्हा जोर लावला, श्वास रोखून धरला, तरी कपाळ आपलं नव्या फरशीसारखं गुळगुळीत. "लागू पडलं की!" त्या स्वतःशीच हसल्या.

झालं होतं असं की, मागच्या महिन्यात कोथरूडच्या एका लग्नात कुणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवून त्यांच्या जाऊबाईंना, तुळजाबाईंना, विचारलं होतं, "या तुमच्या थोरल्या बहीण का?" तुळजाबाई वयानं चांगल्या सात वर्षांनी मोठ्या. पण त्यांच्या कपाळावर रेघ म्हणून नव्हती. यांनी नक्की काहीतरी करून घेतलंय! काय केलं असेल? कुठं? दुखलं असेल का? आनंदीबाईंना या प्रश्नांनी जेवण गोड लागेना. शेवटी "डोळ्यांचा नंबर काढून येते" असं सांगून त्या कर्वेनगरहून रिक्षानं थेट सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात गेल्या. तिथल्या बाईंनी आठ्या जायला कपाळात बारीक इंजेक्शनं टोचली. "चारपाच दिवसांत फरक दिसेल, तीनचार महिने टिकेल. पापण्यांचं आणि गळ्याचं मात्र ऑपरेशनच करावं लागेल. पुढच्या महिन्यातला दिवस धरून ठेवू?" ऑपरेशन म्हटल्यावर आनंदीबाई पर्स उचलून उठल्याच. पण डोळ्यांसमोर जाऊबाईंचं कपाळ आलं आणि त्या "धरा" म्हणाल्या.

घरात कुणाला पत्ता नव्हता. पंचाईत झाली ती त्यांच्या यजमानांची. दत्तोबांची वडिलोपार्जित शेती होती तिथं आता त्यांची इमारत उभी होती, त्यामुळे दिवसभर घरात वावरण्याखेरीज त्यांना काम नव्हतं. आणि ते वावरत बायकोच्या कपाळाकडे बघून. आठी बारीक असेल तर विषय बदलायचा, ठसठशीत असेल तर चपला घालून बाहेर पडायचं. लग्नापासून हे बिनबोभाट चाललं होतं.

त्या सकाळी त्यांच्या हातून लोणच्याची बरणी फुटली. त्यांनी सवयीनं वर पाहिलं. कपाळ शांत.

"चिडलीस व्हय?"

"मग काय नाचू? वर्षाचं लोणचं होतं!"

आवाज चढलेला, पण कपाळ निवांत. असला राग दत्तोबांनी जन्मात पाहिला नव्हता. म्हणजे हा बरणीचा राग नाही, हा काहीतरी मोठाच आहे. त्यांनी अंग चोरलं.

"जिलेबीचं तुला कुणी सांगितलं?"

"कसली जिलेबी?"

"फिरायला जातो तवा खातो ती. म्हंजी ते न्हाई? मग तुझ्या आईच्या घंगाळाचं?"

"आईच्या घंगाळाचं काय?"

"ते मोडीत घातलं गं मी. माळ्यावर अडचण हुत होती..."

आनंदीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ थरथरायला लागले. कपाळ मात्र देवघरातल्या मूर्तीसारखं प्रसन्न. दत्तोबा घाबरून ओरडले, "श्यामला! आईचं तोंड बघ, कपाळ हालंना!"

सून धावत आली. "आई, भुवया वर करा बरं." भुवया जागच्या हलल्या नाहीत. "अण्णा, स्ट्रोक! मी गाडी काढते."

"अगं, मला काही झालेलं नाही!"

"पेशंटला कळत नाही आई, तेच तर लक्षण असतं!"

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी त्यांना हसायला लावलं, त्या हसल्या. हात वर करायला लावले, त्यांनी केले. भुवयांपाशी गाडं अडलं. डॉक्टरांचं कुतूहल चाळवलं. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना. "दोन्ही बाजूंना अगदी सारखं! असं मी पुस्तकातसुद्धा पाहिलं नाही." मग मोठ्या मशीनमध्ये सरकवायची भाषा सुरू झाली, तेव्हा आनंदीबाईंनी डॉक्टरांची बाही घट्ट धरली आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. तिन्ही डॉक्टरांच्या कपाळांवर आठ्या पडल्या. आनंदीबाईंना त्यांचा हेवा वाटला.

तेवढ्यात कोथरूडहून धापा टाकत तुळजाबाई आल्या. आनंदीबाईंनी त्यांना खाटेवर बसवलं, पडदा ओढला आणि आपण काय केलं ते सांगितलं.

"आता तुम्हीपण खरं सांगा, जाऊबाई. कुणाकडे केलंत?"

"काय?"

"कपाळ."

तुळजाबाईंनी कपाळावरून हात फिरवला. "मी कुठं काय केलंय गं?" मग म्हणाल्या, "तुझे भावजी गेल्यापासून आठी घालावी असं घरात कोण उरलंय?"

पडद्यापलीकडून दत्तोबांचा आवाज येत होता. ते नर्सला विचारत होते, "बाई, ती निदान चिडण्यापुरती तरी बरी हुईल ना?"

आनंदीबाईंनी तिथूनच सदाशिव पेठेत फोन लावला आणि ऑपरेशन रद्द केलं. "का हो, तब्येत बरी नाही का?" तिकडून विचारणा झाली. "तब्येतीला काय धाड भरलीये," आनंदीबाई म्हणाल्या, "मला घरी काम आहे."

त्यानंतर दत्तोबा रोज सकाळी बायकोला खिडकीच्या उजेडात उभं करून तिचं कपाळ न्याहाळू लागले. "कायबी हालचाल न्हाई," म्हणून खाली मान घालून चहा प्यायचे. दिवाळी गेली, थंडी पडली. अंदाज घ्यायला काही नसल्यानं बिचारे घरात पाहुण्यासारखे वागत होते.

मग एके दिवशी नव्या चादरीवर त्यांचा कप कलंडला. आनंदीबाईंनी पाहिलं, आणि त्यांच्या भुवयांच्या मधोमध केसाएवढी, वाकडी एक आठी उमटली.

"श्यामला!" दत्तोबा पलंगावरून उठत ओरडले. "ये लवकर! आली बघ, आली!"

आणि त्या आनंदात उरलेला चहाही त्यांनी चादरीवर सांडला. शेजारीच दुसरी उमटली.