कलावा बांधलेला संगणक

नवे यंत्र घरी येते आणि घरधन्याला जुमानत नाही, या कथेचे जबलपूरच्या मराठी घरांत निदान तीन पाठ सांगितले जातात. शहपुऱ्याच्या पाठात यंत्र म्हणजे ट्रॅक्टर, रिछाईच्या पाठात लेथ. नेपियर टाउनच्या पाठात संगणक येतो, आणि केवळ याच पाठात नायक घरी एकटा असतो.

हा नायक म्हणजे रत्नाकरराव ढोबळे. संरक्षण कारखान्यातून निवृत्त, विधुर. मुलगी रुचिरा हैदराबादला, दर रविवारी दहा मिनिटे संगणकाच्या पडद्यावर भेटणारी. (रत्नाकररावांचा फोन बटणांचा, त्यात आवाज येतो, चेहरा येत नाही.) संगणक म्हातारा झाला, रुचिराचा चेहरा वाक्याच्या मध्येच गोठू लागला, तेव्हा जुनी प्रणाली काढून पेनड्राइव्हवरून स्वतःच लिनक्स ही हलकी, फुकट प्रणाली घालण्याचे त्यांनी ठरवले.

कारखान्याची रीत अशी, की नव्या यंत्राची पूजा करून त्याला कलावा बांधायचा, आणि तो लाल धागा आपोआप गळेपर्यंत कोणी सोडायचा नाही. लिनक्स घातला की जुना संगणकही नवाच, म्हणून रत्नाकररावांनी त्याच्या डब्याला कलावा बांधला. पुढे खोचलेला पेनड्राइव्हही पाच वेढ्यांत आला. इन्स्टॉलेशन संपताच पडद्याने सांगितले : पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा. कलावा सोडणे शक्यच नव्हते. त्यांनी एंटर दाबले. (दोनपैकी एक आज्ञा पाळली गेली, तर सरकारी कामात ते पुष्कळ समजतात.) संगणक पुन्हा पेनड्राइव्हवरूनच सुरू झाला आणि नव्या उमेदीने विचारता झाला : लिनक्स इन्स्टॉल करायचा का? रत्नाकरराव रोज सकाळी ‘हो’ म्हणत.

रोज संध्याकाळी रुचिराचा फोन येऊ लागला.

“बाबा, पडद्यावर सांगितलं तसंच केलं ना?”

“केलं ना बेटा.”

“मग काहून नाही होऊन राहिलं? अच्छा, जेवले का तुम्ही? गोळी घेतली?”

रविवारची दहा मिनिटे रोजच्या अर्ध्या तासावर गेली. गुडघ्याचीही चौकशी होऊ लागली.

अठराव्या दिवशी धूळ पुसताना जीर्ण कलावा गळून पडला, पेनड्राइव्हसकट. संगणक मिनिटभरात सुरू झाला. हरखून त्यांनी तिथूनच रुचिराला व्हिडिओ कॉल लावला. तिने न पाहताच बोट लावून तो घेतला, फोन ओट्यावर टेकवला आणि पाठमोरी होऊन मेथी धुऊ लागली.

“बोला बाबा. आज काय म्हणून राहिला तुमचा लिनक्स?”

सुरू झाला म्हटले, की उद्यापासून पुन्हा रविवारची वाट.

“तेच बेटा,” रत्नाकरराव म्हणाले, “सुरूच नाही होऊन राहिला.”

रुचिरा वळली.

“बाबा, मग तुम्ही मला दिसून कसे राहिले?”

रत्नाकररावांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला.