काचा वर करून केलेली बोलणी

कमळाकरने नवी गाडी घेतली तेव्हा सुकापुरात तिच्या लांबीरुंदीपेक्षा जास्त चर्चा झाली ती तिच्या डॅशबोर्डावरच्या टीव्हीची. तो टीव्ही नव्हता. फोन गाडीला जोडला की गाणी, रस्ते, आलेले-गेलेले फोन, सगळं त्या पडद्यावर दिसायचं आणि गाडीच्या स्पीकरवर वाजायचं, आणि गाडीत बोललेलं फोनवरच्या माणसाला ऐकू जायचं. शोरूममधल्या मुलाने हे समजावून सांगायला फोन मागितला, तेव्हा कमळाकरच्या खिशातून बटणांचा फोन निघाला. मुलाने तो आदराने परत केला. मग कमळाकरच्या बायकोच्या, म्हणजे वेणूच्या, पर्समधला मोठा फोन गाडीला जोडण्यात आला. अशा रीतीने गाडी कमळाकरच्या नावावर झाली आणि ओळख मात्र तिने वेणूशी केली.

कमळाकरचा खडी-मातीचा धंदा. विमानतळाच्या भरावाला त्याचे डंपर जायचे, त्यामुळे वाहनांतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. फोन गाडीत ठेवला तरच गाडी त्याचं ऐकते, हीसुद्धा अशीच एक समजूत. फोन घरात आहे म्हणजे गाडी मुकी, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं आणि पक्क्या केलेल्या गोष्टी तो पुन्हा कुणाला विचारत नसे. वेणूने मात्र त्या पडद्याला धूळ लागू नये म्हणून लोकरीचं झाकण विणलं, गुलाबी फुलांचं. ते कायम पडद्यावर असायचं.

पहिला धक्का बसला तो बुधाजीला. बुधाजी हा कमळाकरचा थोरला भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. एका सकाळी तो ओटीवर मिश्री लावत बसला होता. कमळाकर गाडी चालू करून फाटक उघडायला गेला होता आणि गाडी नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, दार उघडं टाकून एकटीच गुरगुरत होती. एवढ्यात ती बाईच्या आवाजात म्हणाली, "वेणू, अगो बोल ना. मेलीस का काय?"

बुधाजीचं बोट तोंडातच राहिलं. कमळाकर परतला तोवर गाडी गप्प झाली होती.

"कमळ्या, तुझी गाडी बोलली," बुधाजी म्हणाला. "वेणूला हाक मारली."

"दादा, ती मागं घेताना बोलते. इंग्रजी बोलते."

"इंग्रजी नाय. आपल्यातला बोलली. मेलीस का, असा इचारला."

कमळाकरने थोरल्या भावाच्या वयाकडे बघून विषय सोडला. बुधाजीने सोडला नाही. त्याने त्याच दिवशी गाडीला लिंबू-मिरच्या बांधल्या, नारळ फोडला आणि भेटेल त्याला सांगितलं की कमळ्याच्या गाडीत बाई आहे. ऐकणारे वेगळाच अर्थ घेऊन हसले. गाडी बोलली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत वेणू हातात फोन घेऊन उभी होती. उरणच्या बहिणीशी, भामाशी, बोलता बोलता तिच्या फोनातला आवाज एकाएकी गेला होता. तिने फोनकडे बघितलं, खाली गाडीकडे बघितलं, आणि भाकरी उलटली.

हे सगळं ज्या दिवसांत चाललं होतं, त्याच दिवसांत रंजिताचं लग्न ठरत आलं होतं. रंजिता ही कमळाकर-वेणूची मुलगी, उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला. फाटकावर उभी राहून ती ट्रेलरवाल्यांचे कागद तपासायची, आणि पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतचे ड्रायव्हर तिच्यापुढे हॉर्न न वाजवता रांगेत उभे राहायचे. कोन गावचा हरेश तिला पसंत होता, हरेशला ती पसंत होती. बायकांचं येणं-जाणं झालं होतं. हरेशची आई चंद्रावती आणि वेणू यांचं फोनवर बोलणं रोज चालायचं. त्या काय बोलतात हे पुरुषांनी कधी विचारलं नाही. राहिली होती ती फक्त पुरुषांची बैठक. हरेशचे वडील धर्मराज येणार, दोघे बाप बसणार, आणि बोलणी पक्की होणार.

रंजिताची अट एकच होती. "बाबा, हरेशला काही प्रॉब्लेम नाहीये. पण त्याच्या वडिलांना तुम्ही स्पष्ट सांगा, लग्नानंतर माझी नोकरी चालू राहणार. नंतर कोणी 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला नको. तुम्ही सांगणार नसाल तर मी साखरपुड्याला उभी राहणार नाही."

"सांगन," कमळाकर म्हणाला होता. "पयल्या वाक्यालाच सांगन."

तो खोटं बोलत नव्हता. लेकीवर त्याचा जीव होता आणि तिचा धाक त्याहून थोडा जास्त. पण कोनचं हे घरही त्याला हातचं घालवायचं नव्हतं. अशी माणसं पुन्हा मिळणार नाहीत, हे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याची झोप उडाली होती.

बैठक ठरली मे महिन्यातल्या एका रविवारी. चंद्रावतीचे गुडघे दुखत होते म्हणून ती कोनलाच राहिली. धर्मराज एकटाच आला. अंगाने भरदार, गळ्यात जाड साखळी, आणि कोनच्या निम्म्या भांडणांत निवाडा करणारा माणूस. त्याला बघायला सगळी भावकी जमली होती. ओटीवर पुरुष, आत बायका, जिन्यावर पोरं. अशा घरात दोन बापांनी खासगी बोलायचं कुठे? मागच्या खोलीत गेले तर खिडकीत काका, गच्चीवर गेले तर पाण्याच्या टाकीमागे मामा. कमळाकरला तेव्हा ती युक्ती सुचली, आणि स्वतःच्या हुशारीने त्याचा चेहरा उजळला.

"शेठ, गाडीत बसू," तो धर्मराजच्या कानात म्हणाला. "काचा वर करू. एसी लावू. कुनाच्या बापाला ऐकू येनार नाय."

दोघे गाडीत बसले. इंजिन सुरू झालं. पेनड्राइव्हवरचं आदल्या दिवसाचं हळदीचं गाणं एकदम मोठ्याने वाजलं, तसं कमळाकरने आवाजाचं बटण पार शून्यावर नेलं. गार वारा सुटला. बाहेर भावकीचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. धर्मराज मागे रेलून म्हणाला की जागा फार चांगली शोधलीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत वेणू तव्यावर मांदेली सोडत होती. तिने इंजिनाचा आवाज ऐकला, हात पदराला पुसला आणि फोन उचलला.

गाडीत आधी आंब्याचं बोलणं झालं, मग भरावाचं, मग कोनला नवीन उठणाऱ्या टॉवरचं. पहिलं वाक्य कमळाकरच्या तोंडात तयार होतं, पण ते जिभेवर आलं की धर्मराज नवीन विषय काढायचा. शेवटी धर्मराजनेच घसा साफ केला.

"माझा काय नाय, शेठ. मी मोकल्या मनाचा मानूस. पन आमच्या घरातलीला सुनेनं यार्डात जायाचा पटत नाय. ट्रेलरवाल्यांशी दिसभर बोलायचा, लोकं नावं ठेवतात. तिचा जीव खाली-वर होतो. मी लय समजावला, ऐकत नाय."

कमळाकरने बाहेर बघितलं. रंजिता ओटीच्या पायरीवर उभी होती, त्याच्याकडेच बघत. त्याने तयार ठेवलेलं वाक्य गिळलं. गिळताना त्याला खरोखर वाईट वाटलं, पण गिळलंच.

"खरा सांगू?" तो म्हणाला. "आमच्या घरातलीचा बी त्येच म्हनना हाय. मी पोरीला बोललो, कर नोकरी. पन वेणू बोलते, पोरगी घरात सोभते. तिच्यापुढं माझा काय चालतो?"

ज्या वेणूबद्दल तो हे बोलत होता, ती रंजिताची सकाळची पाळी असली की अंधारात उठून तिचा डबा भरायची. पण कमळाकरला आता थांबता येईना, आणि धर्मराजलाही. दोघांनाही एकदम हलकं वाटू लागलं होतं. साखरपुडा कोनलाच झाला पाहिजे, असा चंद्रावतीचा हट्ट असल्याचं धर्मराजने सांगितलं. जेवणात मटण नको असं वेणूचं म्हणणं असल्याचं कमळाकरने सांगितलं. हळदीला मोठा डीजे हवा, नाहीतर चंद्रावती घर डोक्यावर घेईल. वेणू तर मांडवात रुसून बसेल, तिची सवयच आहे. दोन्ही बायका इतक्या तापट, इतक्या हट्टी निघाल्या की दोन्ही नवऱ्यांना एकमेकांची मनापासून कीव आली. पाव तासात सगळं ठरलं. रंजिताने नोकरी सोडायची, आणि तिला हे वेणूने समजवायचं.

"म्हंजे गोड झाला," धर्मराज म्हणाला.

"गोड झाला," कमळाकर म्हणाला, "त्याच्यावर एक गाना होऊन जाऊं द्या." आणि त्याने आवाजाचं बटण एका दमात शेवटपर्यंत फिरवलं.

गाणं लागलं नाही. चंद्रावती लागली.

"…कवा बोलली? अवो, मी इचारते, मी कवा बोलली ह्या सारा?"

वाक्य मधूनच सुरू झालं होतं, म्हणजे बाई बराच वेळ बोलत असणार. दारातले स्पीकर थरथरत होते. धर्मराजने दचकून आधी मागची सीट बघितली. तिथे नारळाचं पोतं होतं. मग त्याने पायाशी बघितलं. त्याचा रंग उतरला होता आणि हात आपोआप जोडले गेले होते.

"गुडघं धरून बसलीय मी हितं," गाडी म्हणाली, "आनि माझ्या नावान तुमी काय बी ठरवता? मला पोरीची नोकरी पटत नाय? कोनमध्ये घरोघरी जाऊन सांगितलाय मी, माझी सून ट्रेलर रांगेत लावते म्हनून. डीजे कोनाला पायजे? तुमाला पायजे. आनि मी तापट?"

काचा वर होत्या, पण त्या आवाजाला काचांचं काय? ओटीवरची भावकी चहाचे कप हातात धरून जागच्या जागी थिजली. एकट्या बुधाजीला धक्का बसला नाही. त्याने शांतपणे शेजारच्याला सांगितलं की गाडीत बाई आहे हे तो केव्हाचा बोंबलत होता.

कमळाकरने घाबरून चावी फिरवली. इंजिन बंद पडलं, आवाज बंद पडला. मग खिडकीतून वेणूचा आवाज आला, अगदी साधा, रोजचा. "हां विहीणबाई, आता माझ्या कानाला येतंय. बोला."

इंजिनाबरोबर एसीही गेला. मे महिन्याचं ऊन टपावर उभं होतं आणि काचा इंजिनाशिवाय खाली होत नव्हत्या. दार उघडलं असतं तर हवा आली असती, पण दाराबाहेर भावकी होती. दोघांच्या सदऱ्यांवर घामाचे नकाशे उमटू लागले.

"शेठ, एसी लावा," धर्मराज हळूच म्हणाला.

"एसी लावला का ती येते."

धर्मराजने विचार केला. "मग थोडा दम खाऊ," तो म्हणाला.

दम खाण्यासारखं तिथे काही नव्हतं. बॉनेटसमोर रंजिता येऊन उभी राहिली होती, हाताची घडी घालून, यार्डाच्या फाटकावर उभी राहते तशीच. ती रागावली असती तर कमळाकरला चाललं असतं. पण तिचे डोळे भरले होते, आणि ती ते पुसत नव्हती. पहिल्या वाक्यालाच सांगेन, असं तो तिला म्हणाला होता. आयुष्यात त्याला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्याने चावी फिरवली. गार वारा आला आणि त्याच्यामागोमाग चंद्रावती आली, ती मटणाबद्दल वेणूशी बोलत होती. कमळाकरने पडद्यावरचं गुलाबी फुलांचं झाकण काढलं. पडद्यावर 'हरेशची आई' अशी अक्षरं झळकत होती. त्याने टोपी सारखी केली.

"विहीणबाई," तो पडद्याला म्हणाला, "माझी पोरगी लगनानंतर पन कामाला जानार. ह्या वेणूचा नाय, माझा बोलना हाय. आधीच बोलायला पायजे व्हता. भ्यालो."

मग चंद्रावतीचा आवाज बराच खाली आला. "चालंल. आता आमच्यांना बोलू द्या. त्यांच्या नावान."

धर्मराजने साखळी चाचपली. "माझी हरकत नाय," तो म्हणाला.

"व्हती का?" चंद्रावतीने विचारलं.

"व्हती," धर्मराज म्हणाला. कोनची निम्मी भांडणं मिटवणारा तो आवाज अगदी बारीक झाला होता. "माझीच व्हती. आता नाय."

दोघे बाहेर आले तेव्हा विहिरीतून काढल्यासारखे ओले होते. रंजिताने डोळे पुसले आणि वडिलांना पाण्याचा तांब्या दिला. साखरपुडा सुकापुरात ठरला, मटणासकट, आणि भावकीने मांदेलीवर ताव मारला. धर्मराजला घरी सोडायला रंजिताच गाडी घेऊन गेली. वेणूचा फोन घरीच होता, आता गाडीतून कुणी बोलणार नाही, असं तिने त्याला दोनदा सांगितलं. तरी कोन येईपर्यंत त्याने गाडीत तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर कमळाकर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. वेणू तवा घासत होती. तो बराच वेळ खिडकीकडे आणि खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

"वेणू, आमी गाडीत बसलो आनि तू बरोबर तवाच विहीणबाईंना फोन लावला?"

"नारळ किती आनायचे ते इचारायला."

"गाडी चालू केली का तुझा फोन तिच्यात जातो, ह्या तुला म्हाईत व्हता?"

वेणूने तवा उलटा करून भिंतीला टेकवला, हात धुतले आणि पदराला पुसले.

"मला काय कलतंय त्या गाडीतला," ती म्हणाली. "मी आपली घरातली."