जळलेला डायोड आणि पाण्याची टाकी

बाळांनो, एका जंगलात पाण्याची टाकी होती, आणि टाकीला समिती होती.

टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हायची. ते काम एक चिप करायची. चिपच्या पिनला पाच व्होल्टच सोसायचे. पण टाकीवरून येणारी तार लांब होती. जवळपास वीज पडली की तारेतून भलताच दाब यायचा. म्हणून गोदाक्का खवलेमांजरीनं पिनच्या अलीकडे एक डायोड बसवला होता. जादा दाब तो स्वतःवर घ्यायचा.

एकदा वीज पडली. डायोड जळला. टाकीची खबर तुटली, म्हणून चिपनं मोटर थांबवली. गोदाक्कानं नवा डायोड बसवेपर्यंत अर्धा दिवस पाणी नव्हतं.

समिती बसली. अध्यक्ष गवासाहेबांनी विचारलं, "काय जळलं?"

"डायोड," गोदाक्का म्हणाली.

"आणि चिप?"

"चिप धडधाकट आहे, साहेब. तो जळला म्हणून ती वाचली."

"म्हणजे बिघाड डायोडमध्ये होता. काढून टाका. तार सरळ चिपला जोडा."

गोदाक्कानं लेखी आदेश मागितला. तो लगेच मिळाला. तार जोडून ती टाकीखालच्या बिळाशी गेली. तिथं तानू सशीण राहायची.

"तानू, पिलं घेऊन वर उतारावर राहायला जा."

"अगं, आता जळण्यासारखं काही उरलंच नाही, असं साहेब म्हणाले."

दोन महिने मोटर एकदाही अडली नाही. गवासाहेबांचा सत्कार झाला.

मग पुन्हा वीज पडली. या वेळी चिप जळली, आणि मोटर चालूच राहिली. टाकी वाहू लागली. पाणी बिळात शिरलं. गोदाक्का धावत आली, तिनं मोटरचा खटका पाडला आणि ती नखांनी माती उकरायला लागली. तिन्ही पिलं जिवंत निघाली. बीळ मात्र खचलं. तानू पिलांना चाटत राहिली.

समिती बसली. "काय जळलं?"

"चिप."

"म्हणजे तीही तसलीच निघाली. काढून टाका."

तेव्हापासून टाकीवर तानू बसते. टाकी भरली की ओरडते. घर नसल्यामुळे तिला वेळ मोकळा आहे, असं इतिवृत्तात लिहिलं आहे.

तात्पर्य : दुसऱ्याला वाचवायचं असेल तर जळल्याशिवाय वाचवा. जळलात तर बिघाड तुम्हीच.