पेंडसेकाकांचा विसरलेला डबा

"तिथे बघण्यासारखं खूप आहे," असं कुणी म्हणालं, की आमच्या शेजारचे पेंडसेकाका त्या गावावर कायमची फुली मारतात. महाबळेश्वरला ते जन्मात गेले नाहीत. "अहो, अख्खं कोथरूड तिथे स्वेटर घालून फिरतं. ते मला इथे बिनस्वेटरचं दिसतंच की!"

काका एकटेच. निवृत्त झाल्यापासून त्यांची पद्धत ठरलेली. एसटीत बसायचं आणि "इथे कशाला उतरताय आजोबा?" असं कंडक्टर विचारील तिथे उतरायचं. मग कुणाच्या तरी पडवीत महिनाभर मुक्काम. शेंगा फोडायच्या, पोरांचे पाढे घ्यायचे. परत आल्यावर वर्णन काय, तर "सरूबाईंची म्हैस व्यायली. खरवस काय होता म्हणून सांगू!" मी विचारलं, "फोटो काढलात?" तर म्हणाले, "म्हशीला विचारायचं राहिलं."

खरं सांगतो, मला हेवा वाटतो या माणसाचा. आम्ही चार दिवसांत सात ठिकाणं उरकतो आणि घरी येऊन झोपतो.

खोड एकच. जातील तिथे आपलं नाव कोरलेला स्टीलचा डबा विसरून येतात. मग तो आणायला पुन्हा जातात. आमच्याकडेही त्यांचा एक डबा चार वर्षं पडून आहे. रोज संध्याकाळी "माझा डबा राहिलाय का हो तुमच्याकडे?" म्हणत येतात, चहा घेतात, तासभर बोलतात आणि डबा विसरून जातात. "वय झालं हो," असं आमची ही म्हणते.

परवा कामानिमित्त सरूबाईंच्या गावावरून जाणं झालं. म्हटलं, म्हाताऱ्याचा हेलपाटा वाचवू. डबा मागितला, तर बाईंचा चेहराच उतरला. "तुमी न्हेताय व्हय? मंग काका कशापायी येत्याल?" तरी रिकामा कसा द्यायचा, म्हणून तांदळाच्या पापड्या भरून दिला.

मी ऐटीत काकांची बेल दाबली. "घ्या! सापडला तुमचा डबा!"

"हरवला कधी होता?" काका मटकन खुर्चीत बसले. "अहो, डबा न्यायला म्हणून जातो मी. नुसतंच 'आलो' म्हणत कुणाच्या दारात उभं राहायचं? जमत नाही हो मला. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

शहाणपणा अंगाशी आला होता. फार वाईट वाटलं. तेवढ्यात सुचलं, म्हणून म्हणालो, "काका, पापड्या आल्यात. डबा उलट भरून पाठवायला नको? लोक काय म्हणतील?"

काकांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "खरंच की. चिवडा करतो. पण पोस्टाने नको, पार चुरा होईल. स्वतःच नेलेला बरा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात हजर. "माझा डबा राहिलाय का हो तुमच्याकडे?"

हिने तो नेमका त्याच दिवशी घासून टेबलावर काढून ठेवला होता. मी पटकन त्यावर वर्तमानपत्र टाकलं.

"शोधतोय काका, सापडत नाहीये. बसा, चहा टाकतो."