लाल गाडी, करडी गाडी आणि एक पोतं बटाटे

कुलूपवाल्याचं आणि जावयाचं वाजलं ते शेडवरून. शेड एक, गाड्या दोन. सासऱ्याची लाल, जुनी, दोन सीटची, एके काळची शर्यतवाली. इतकी बुटकी की कुत्रं तिच्या टपावर हनुवटी टेकून उभं राहायचं. जावयाची करडी, नवीकोरी, दोन दारांची कूपे. बटण दाबलं की सुरू, वर गोड आवाजात बोलणार. (कुलूपवाल्याशी घरात एवढं गोड कुणी बोलत नव्हतं. खरं पोटात दुखायचं ते तिथं.)

"बाबा, तुमच्या गाडीतून तेल गळतंय."

"जिवंत आहे ती, गळणारच! तुमची नुसती बोलते."

"माझीत गार हवा येते."

"माझीत पण येते. काच वर जातच नाही."

कुलूपवाल्याची बायको कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "एकच ठेवायची. दुसरी आज भंगारात."

कुलूपवाल्यानं छाती काढली. "चौकातल्या टाकीला वळसा मारून जो आधी उंबरठ्यावर पाय ठेवील, त्याची गाडी राहील!"

निघताना त्यानं जावयाच्या शेजारच्या सीटवर बटाट्याचं पोतं आणून बसवलं.

"हे काय, बाबा?"

"वजन. हलकी गाडी वळणावर उधळते. मोठ्यांचं ऐकावं."

जावई गुणी. ऐकलं.

टाकीपाशी कूपे ओरडायला लागली. "शेजारच्या प्रवाशाने कृपया पट्टा लावावा!"

"अगं बाई, बटाटे आहेत ते!"

"कृपया पट्टा लावावा!"

जावयानं गाडी बाजूला घेतली आणि पोत्याला पट्टा बांधत बसला. तेवढ्यात लाल गाडी खडखडत, धूर सोडत पुढं गेली आणि दारात येऊन थांबलीसुद्धा.

कुलूपवाल्यानं गाडीचं दार उघडलं. एक पाय बाहेर काढला. दुसरा येईना. ढुंगण उठेना. शेडमध्ये हाताशी खांब होता, त्याला लोंबकळून तो रोज निघायचा. (घरात कुणाला पत्ता नव्हता.) इथं दाराशी कुठला खांब?

"अगं, हात दे!"

"पैजेत हात नव्हता ठरला," बायको म्हणाली. "जन्मभर कुलपं उघडून कोंडलेल्या लोकांना बाहेर काढलंत. काढा की आता स्वतःला."

जावई आला. टुणकन उतरला, सासऱ्याचा बाहेर आलेला पाय अदबीनं ओलांडला आणि उंबरठ्यावर उभा राहिला.

भंगारवाला आला. लाल गाडीभोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितलं.

"गाडी नेतो, बाई. पण आतलं सामान तुमचं तुम्ही ठेवा."

बायकोनं जरा विचार केला.

"उलटं नाही का हो जमणार?"