ताईबाईंचे दात आणि लिनक्सवाला इंटरफेस

नवल पाटलाने आयुष्यात एकच तत्त्व पाळलं होतं, आणि तेही लॅपटॉपमध्ये. धुळ्याच्या एका कॉलेजात तो क्लार्क. सगळं जग चोरून टाकलेल्या विंडोजवर सुखाने नांदत असताना याच्या लॅपटॉपवर मात्र फुकट आणि कायदेशीर लिनक्स. (त्यावर घरचा प्रिंटर चालत नसे. पण तत्त्वाला प्रिंटर कशाला लागतो?)

अशा माणसाच्या आईचे दात काढायचे ठरले.

ताईबाई राहायच्या नरडाण्याजवळच्या गावात. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, तिची गाणी त्यांच्याइतकी कोणालाच येत नव्हती. दातांच्या डॉक्टरने सांगितलं, सोमवारी पुढचे सगळे काढू, मग कवळी. नवलला शेजारच्या कोकिळाकाकू आठवल्या. कवळी बसल्यापासून त्या बोलल्या की कुकरची शिट्टी झाल्यासारखं वाटे. माय तशी गायली तर? दात आहेत तोवर गाणी रेकॉर्ड झालीच पाहिजेत.

"मोबाईलवर करा की," बायको दिपमाला म्हणाली.

"मोबाईलवर?" नवल असा दुखावला, जणू तिने पुरणपोळीवर सॉस मागितला. "माझ्या मायचा आवाज आहे तो. नीट माईक लागतो, आणि माईक लॅपटॉपला जोडायला ऑडिओ इंटरफेस लागतो."

झालं. तो तडक जळगावला प्रेमराजच्या दुकानात गेला. प्रेमराज लग्नाच्या बँडवाल्यांना स्पीकर विकायचा.

"लिनक्सला चालणारा इंटरफेस दाखवा."

प्रेमराजने खोका फिरवून वाचला. "विंडोजला चालतो. मॅकला चालतो."

"लिनक्सचं नाव का नाही?"

"भाऊ, खोका मी नाही छापला. असं करा, लॅपटॉप द्या इकडे. विंडोज टाकून देतो. फुकट."

"चोरीचं?"

"चोरीचं कसं? माझ्याच पेनड्राइव्हमधलं आहे."

नवलचं डोकंच सणकलं. या देशात सरळ माणसाने माईकसुद्धा जोडू नये काय? तिथेच उभं राहून त्याने लिनक्सवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर विचारलं. त्यांनी एक मॉडेल सांगितलं: वेगळं काही टाकावं लागत नाही, वायर जोडली की चालतं. नवलने तेच घेतलं, सोबत एक माईकही. जाताना दुकानात लिनक्सवर छोटंसं भाषणही दिलं. एक बँडवाला ते क्लॅरिनेट पुसत ऐकत होता.

शनिवारी तो दिपमालाला घेऊन गावी पोहोचला. वायर जोडली, इंटरफेसचा हिरवा दिवा लागला. नवलने मायला शेजारी बसवून माईक पुढे धरला. "माय, कानबाईले बलावतस ना, ते गानं म्हन."

"ते आसं कव्हय बी म्हनतस का रे?" ताईबाई म्हणाल्या. "आवतन दिधं का ती येस. मंग रोट करना पडतीन."

"नुसती टेस्टिंग शे, माय."

"टेस्टिंग काय ते कानबाईले काय समजस?"

पण लेकाचा हिरमुसला चेहरा बघून त्या गायल्या. रेकॉर्डिंग लावून ऐकल्यावर आवाज असा आला की नवलचे डोळे भरले. लिनक्स जिंकलं होतं. त्याने डोळे पुसले तोवर ताईबाई पदर खोचून उठल्या होत्या.

"आवतन दिधं. आते भाऊबंदले बलाव."

श्रावण सहा महिने लांब. तरी ताईबाईंपुढे बोलणार कोण? घरातल्या माणसांच्या हिशेबाने गहू मोजून दळायला गेला, पाटावर नारळाची कानबाई बसली, आणि रविवारी सगळे भाऊबंद रोटांचा प्रसाद जेवायला दारात हजर. (आवतनाचं कारण टेस्टिंग, हे सांगायची नवलची छाती झाली नाही.)

रात्री ताईबाई पलीकडच्या भिंतीला, कानबाईसमोर बसल्या. माईक त्यांच्यापुढे. नवल लांब वायरीच्या या टोकाला, मांडीवर लॅपटॉप घेऊन. गाणं सुरू झालं आणि शेजारी बसलेल्या, भाऊबंदांतल्या भटूआबांनी त्याला विचारलं, "ह्या लिनक्स काय शे रे?"

असा प्रश्न नवलला आजवर कोणी आपणहून विचारला नव्हता. त्याने सांगितलं. सविस्तर सांगितलं. मध्येच बायका कुजबुजल्या तर "शांत बसा, रेकॉर्डिंग चालू आहे" असं दरडावलंही. स्क्रीनवर आवाजाच्या रेषा उसळत होत्या, त्यामुळे काळजीचं कारणच नव्हतं.

सोमवारी सकाळी कानबाईला नदीवर निरोप दिला आणि माय-लेक धुळ्याला दवाखान्यात आले. ताईबाई आत गेल्यावर नवलने बाहेरच्या बाकावर मोठ्या अभिमानाने लॅपटॉप उघडून रेकॉर्डिंग लावलं.

"आबा, विंडोज म्हणजे गुलामगिरी," लॅपटॉप खणखणीत बोलला. गाल धरून बसलेले सगळे पेशंट वळले. मागे कुठेतरी, विहिरीतून आल्यासारखा, मायचा आवाज.

इंटरफेस उत्तम होता. फक्त त्यातून आवाज घ्यायचा, हे लॅपटॉपला सांगायचं नवलकडून राहिलं होतं. लॅपटॉप आपला स्वतःच्याच माईकने समोर बसलेल्याचा आवाज टिपत होता. शनिवारी समोर माय होती, पण ती टेस्टिंग त्याने सेव्हच केली नव्हती. पुन्हा गा म्हणावं, तर पुन्हा आवतन, पुन्हा रोट. आणि दात तर आत निघतच होते.

नवल संतापला. लॅपटॉप बनवणारे, इंटरफेस बनवणारे, भटूआबा, कोणाला सोडलं नाही. त्याने रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकून विचारलं, यातला नको तो आवाज काढता येईल का?

लगेच उत्तर आलं. "हो, सहज. मागे कोणी बाई गाताहेत, त्या काढता येतील. भाषण एकदम स्वच्छ आलंय."

ताईबाई तोंडात कापसाचा बोळा धरून बाहेर आल्या. शेजारी बसून त्यांनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. नवल मान खाली घालून बसला होता. त्यांनी बोळा काढला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको. दात गयात, गाना नही गयात. श्रावणमा परत म्हनसू," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "दिपमालाले सांग, मोबाईलवर रेकॉर्ड करी ले. अन् तू तव्हय वावरमा जाजो."