तात्यांच्या मशीनचं सोडपत्र

आमच्या शेजारचे तात्या एसटीत चढायच्या आधी ड्रायव्हरला विचारतात, "रात्री झोप झाली का साहेब?" उत्तर पटलं नाही तर पुढच्या गाडीची वाट बघतात. कुलूप लावून अर्ध्या गल्लीतून माघारी येऊन ते ओढून बघतात. कुणी हसलं की म्हणतात, "इषाची परीक्षा कशाला पाहावी?"

परवा ते माझ्याकडे आले. त्यांची शिलाई मशीन दोन वर्षांपासून पालमला शफीभाई मिस्त्रीकडे दुरुस्तीला होती. मजुरी चुकती झाल्याशिवाय वस्तू सोडायची नाही, ही मिस्त्रीची रीत. आता दुकान लहान जागेत हलणार होतं. म्हणून निरोप आला : मजुरी देऊन मशीन न्या, नाहीतर हक्क सोडल्याचं लिहून द्या, मजुरी माफ.

मी एका वकिलाकडे सहा महिने टायपिंग केलंय. तेवढ्यावर मला कायदा कळतो असा गल्लीत समज आहे. तो मीच पसरवलाय. तात्यांनी लिहून द्यायचं ठरवलं. मी झोकात कागद लिहिला आणि शफीभाईच्या दुकानात खणखणीत वाचला, "सदर मशीनवर माझा व माझ्या वारसांचा कसलाही हक्क कायमचा राहिला नाही." 'कायमचा' ऐकून तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हणालो, मशीनच देताय तात्या, किडनी नाही. हसलो मी एकटाच.

शफीभाईनं मला बाजूला घेतलं. "मशीन कवाच नीट झाली साहब. तात्या दर बाजाराच्या दिवशी पैसे घेऊन येतेत. माझी सून तिच्यावर शिवायली असती. घंटाभर ऐकतेत आन म्हणतेत, अजून अडखळायलीय, ऱ्हाऊ द्या. काकूंची मशीन हाय ती. घरी नेऊन चालवणार कोण?"

काकू म्हणजे तात्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्या मशीनची टकटक भिंतीपलीकडून मी वर्षानुवर्षं ऐकलेली. ती बंद झाल्यावर दुपारची झोप छान लागायला लागली, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं.

तात्यांनी पेन मागितला. माझ्या झोकदार मजकुराखाली वाकड्या अक्षरात एक ओळ वाढवली : मशीन मोडीत घालू नये, चालू ठेवावी. सही केली. कागद मिस्त्रीपुढे सरकवला, पण उठले नाहीत.

"शफीभाई," ते खाली बघूनच म्हणाले, "आता ती माझी न्हाई. तरी बाजाराच्या दिवशी ऐकाया येऊ का?"